घटका भरली तेव्हा

शास्त्रपाठ: योहान १२:२०–२८, गलतीकरांस पत्र ४:४, ५.



आपल्या पणजोबांच्या काळी लग्नघरी भिंतीवर घड्याळ नसे. जोशीबुवा पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची एक लहान वाटी सोडीत. वाटीच्या तळाला बारीक छिद्र असे. त्यातून पाणी थेंबाथेंबाने आत येई, आणि वाटी काठोकाठ भरली की ती आपोआप तळाशी जाई. तेव्हा एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, झाली असे समजत. वधूवरांकडील मंडळी कितीही उतावीळ झाली तरी त्या वाटीला कोणी बोट लावीत नसे. घटका भरायची ती आपल्या वेळेनेच भरे.

आज आमच्या भागात वाटीची जागा भोंग्याने घेतली आहे. ज्या पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, त्या पिंपरीपासून थेट चाकणपर्यंत, जेथे अजूनही कांद्याचा मोठा बाजार भरतो, पूर्वीच्या शेतांतून आता मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे आहेत. येथे मनुष्याचा दिवस पहिली पाळी, दुसरी पाळी व रात्रपाळी असा वाटला गेला आहे. हजेरीच्या यंत्रावर बोट टेकण्यास थोडा उशीर झाला तरी मजुरी कापली जाईल ही धास्ती असते. असे असूनही, किंवा असे आहे म्हणूनच, मी घरोघरी जातो तेथे एकच प्रश्न ऐकतो: "पाळकसाहेब, आमची वेळ केव्हा येणार?" कंत्राटी कामगार कायम होण्याची वाट पाहतो. आई मुलीच्या लग्नाची वाट पाहते. आणि खेड्यातून पत्र लिहिणारा उपदेशक विचारतो, "वीस वर्षे ह्याच तीन वाड्यांत वचन पेरीत आहे, मळणीची वेळ केव्हा?"

ह्या सर्व प्रश्नांत 'आपली वेळ' ह्या शब्दांचा अर्थ एकच असतो, तो हा की आपल्याला काही मिळण्याची वेळ. तसे विचारणे पाप नव्हे. परंतु आपल्या प्रभूच्या मुखी हेच शब्द आले तेव्हा त्यांचा अर्थ काय होता, हे आज आपण शास्त्रातून शोधू.

प्रभूची वेळ

योहानाने आपल्या शुभवर्तमानात ह्या वेळेसाठी जो ग्रीक शब्द वारंवार योजला आहे, तोच फार पूर्वी आपल्या देशात येऊन 'होरा' झाला. होरा कशासाठी पाहतात हे तुम्हाला ठाऊक आहे. धंद्यात बरकत केव्हा, वरसंशोधनास यश केव्हा, हे कळावे म्हणून. आता योहानाच्या पानांवर प्रभूची होरा कशी पुढे सरकते ते पाहा.

काना गावच्या लग्नात द्राक्षारस सरला आणि मातेने ती अडचण त्याच्या कानी घातली, तेव्हा त्याने आपली वेळ अजून आली नसल्याचे तिला सांगितले (२:४). पुढे सातव्या अध्यायात त्याचे भाऊ त्याला सणासाठी यहूदीयात जाऊन आपली कृत्ये उघड करावयास सांगतात. त्यांचा सल्ला व्यवहारी होता. ज्याला नाव मिळवायचे त्याने आडगावी का राहावे? त्यांनाही त्याने तेच उत्तर दिले, आणि वर इतके बोलला की तुम्हाला तर कोणतीही वेळ चालते. मग त्याला धरावयास लोक टपले, तरी कोणाचा हात त्याच्यावर पडला नाही, कारण वेळ आली नव्हती. हे योहान दोनदा नमूद करतो (७:३०, ८:२०).

शेवटी बाराव्या अध्यायात काही ग्रीक लोक फिलिप्पाजवळ येऊन येशूला भेटण्याची इच्छा दर्शवितात. फिलिप्प आंद्रियाला सांगतो, आणि दोघे मिळून ती वार्ता प्रभूला कळवितात. बंधुजनहो, अशी वार्ता आपल्या मंडळीत आली असती तर आपण काय केले असते? परमुलखातील लोक चौकशीला आले, कीर्ती देशाबाहेर गेली! आपण सभा भरविली असती व अहवाल छापला असता. आणि खरोखर प्रभूही म्हणतो की वेळ आली आहे, मनुष्याच्या पुत्राचे गौरव होण्याची. पण पुढच्याच श्वासात तो भूमीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याविषयी बोलू लागतो. ज्या वेळेसाठी तो कानापासून थांबला होता ती वधस्तंभाची वेळ होती. ती घेण्याची नव्हती, स्वतःला देण्याची होती.

त्याने ती हसत हसत पत्करली असेही नाही. आपला जीव व्याकूळ झाल्याचे तो उघड बोलतो, आणि ह्या वेळेतून मला सोडव असे मागावे काय, हा प्रश्नही तो लपवून ठेवीत नाही. मग तो स्वतःच म्हणतो की ह्यासाठीच तर मी ह्या वेळेपर्यंत आलो. तेव्हा स्वार्थत्याग म्हणजे दगडाचे काळीज होणे, असे कोणी समजू नये.

बियाण्याचा कांदा

आमच्या खेड तालुक्यातील शेतकऱ्याला गव्हाच्या दाण्याचा हा दृष्टांत कांद्यावरून अधिक लवकर उमगेल. कांद्याचे बी धरावयाचे असेल तर तो चाळीतला सडका किंवा चिंगळी कांदा घेत नाही. घरातला उत्तम, घट्ट, एकसारखा कांदा निवडून बाजूस ठेवतो. पावसाळा सरल्यावर तो जमिनीत पुरतो. त्यास कोंब येतात, मग डोंगळे वर येतात, त्यांवर पांढऱ्या फुलांचे गेंद धरतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडी काळे बी तयार होते. त्या वेळी जमीन उकरून पाहिली तर पुरलेला कांदा कोठे आहे? त्याचा चोथा झालेला असतो. तो भाकरीबरोबर खाता येत नाही आणि बाजारात कोणी त्याला विचारीत नाही. परंतु त्याच्या बियांतून पुढे वाफेच्या वाफे रोप उगवते.

ह्यात दोन गोष्टी ध्यानात धरा. पहिली ही की भाव चढला म्हणून बियाण्याचा कांदा विकून चालत नाही. जो तो विकतो त्याच्या हाती पैसा येतो, पण पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या दारी बी मागण्याची पाळी येते. दुसरी ही की तो केव्हाही पुरूनही चालत नाही. भर पावसात पुरला तर सडतो, आणि फार उशिरा पुरला तर डोंगळे नीट धरण्यापूर्वीच ऊन तापते. द्यावयाचे हे खरे, पण ते वेळेवर द्यावयाचे. भावांच्या सांगण्यावरून प्रभू त्यांच्याबरोबर निघाला नाही, ह्याचे कारण भीती नव्हे. तो व्यर्थ सडण्यास आला नव्हता. तो फळ देण्यास आला होता.

काळाची पूर्णता

पौलाने गलतीकरांस लिहिले आहे की काळाची पूर्णता झाल्यावर देवाने आपल्या पुत्रास पाठविले. घटका भरली, असेच जणू तो म्हणतो. ही पूर्णता कशात होती हे सांगताना शास्त्राचे शिक्षक तीन गोष्टी दाखवितात. रोमी सत्तेचे रस्ते दूरवर पोहोचले होते, ग्रीक भाषा अनेक देशांत समजत होती, आणि यहूदी लोकांची सभास्थाने नगरोनगरी होती. तेणेकरून सुवार्तेला वाट, भाषा व बसावयास जागा आधीच तयार मिळाली. हे खरे आहे. परंतु पौल त्या वचनात रस्त्यांचा उल्लेखही करीत नाही. तो सांगतो की तो पुत्र स्त्रीपासून जन्मला, नियमशास्त्राच्या अधीन जन्मला, आणि जे त्या जोखडाखाली होते त्यांना खंडणी भरून सोडविण्यासाठी जन्मला. ज्या सत्तेने रस्ते बांधले तिनेच वधस्तंभही रोवला. देवाने दोहोंचा उपयोग केला, पण जगाचे तारण रस्त्याने झाले नाही, वधस्तंभाने झाले.

हे आपल्या मराठी मुलखात कसे घडले, ते दोन दाखल्यांवरून पाहू.

नको असलेला पाहुणा

१८१३ सालच्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. मनुष्याच्या हिशोबाने ती अगदी कुवेळ होती. त्यांच्या देशाचे व इंग्रजांचे युद्ध चालू होते, आणि कंपनी सरकारास मिशनरी नको होते. त्यांना परत पाठविण्याचे हुकूम निघाले. एकदा तर ते कोचीनपर्यंत निसटून गेले आणि तेथून त्यांना पुन्हा मुंबईस आणण्यात आले. उद्या गलबतावर चढवतील की परवा, हे ठाऊक नसताना ते काय करीत होते? ते मराठी शिकत होते. त्याच साली इंग्लंडात कंपनीची सनद नवी झाली आणि हिंदुस्थानात मिशनरींस येण्याची वाट मोकळी झाली. हुकूम मागे घेतले गेले. दार उघडले तेव्हा आत येऊन मुळाक्षरे गिरविण्यात त्यांना वेळ घालवावा लागला नाही.

पुढे तेरा वर्षे हॉल साहेबांनी उपदेश केला, शाळा चालविल्या, आणि सोबत्यांसह नव्या कराराचे मराठी भाषांतर केले. मोजदाद करणारा मनुष्य त्यांच्या कामाकडे पाहून खिन्नच झाला असता, कारण डोळ्यांत भरेल अशी मराठी मंडळी त्यांच्या हयातीत उभी राहिली नाही. १८२५ साली त्यांची पत्नी मुलांना घेऊन स्वदेशी गेली, आणि ते मागे राहिले. १८२६ च्या मार्चमध्ये ते नाशिकच्या बाजूस फेरीवर गेले. तेथे पटकीची साथ जोरात होती. जवळची औषधे त्यांनी आजाऱ्यांना वाटून टाकली. परतीच्या वाटेवर पटकीने त्यांनाच गाठले, आणि २० मार्च रोजी एका खेड्यातील देवळाच्या ओसरीवर, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. सोबतच्या मुलांनी त्यांना मूठमाती दिली.

त्याच १८२६ साली त्यांच्या मिशनचा मराठी नवा करार छापून पुरा झाला. पाच वर्षांनी, १८३१ साली, आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगरास मिशनचे ठाणे पडले, आणि पुढे त्या जिल्ह्यातील गावोगावी मंडळ्या उभ्या राहिल्या. आज चाकण व भोसरीच्या कारखान्यांत राबणारे आमच्या मंडळीतील कितीतरी तरुण त्याच गावांतून आलेले आहेत. पुरलेला कांदा डोंगळा पाहत नाही, हेच त्याचे कांदेपण होय.

केडगावची झाडे

दुसरा दाखला आपल्याच पुणे जिल्ह्यातला आहे. पंडिता रमाबाईंनी तरुण वयात दुष्काळात आई, बाप व बहीण गमावली होती. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदासदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. अमेरिकेतील साहाय्यकांनी दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते. ती मुदत सरल्यावर संस्थेने कोणाच्या तोंडाकडे पाहू नये, म्हणून बाईंनी केडगावास सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळझाडे लावली. हेतू इतकाच होता की झाडांच्या उत्पन्नावर सदन चालावे.

इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ पडला. ज्या बाईंनी भुकेने माणसे मरताना आपल्या घरात पाहिली होती, त्या घरात बसून राहिल्या नाहीत. त्या मध्यप्रांतात गेल्या, आणि त्यांनी शेकडो निराधार मुली व विधवा आणल्या. तोच पुण्यात प्लेगामुळे सरकारने सदनात नव्या मुली ठेवण्यास बंदी केली. आता ह्या लेकरांना न्यावे कोठे? केडगावची जमीन तेथे होतीच. उद्याच्या खर्चाच्या तजविजीसाठी लावलेली झाडे मुलींची सावली झाली, आणि त्या जागेस मुक्ती हे नाव पडले.

बाईंना ती जमीन घेताना दुष्काळाची खबर नव्हती. त्यांनी समोर दिसले ते कर्तव्य केले, आणि वेळ येताच जे हाती होते ते राखून ठेवले नाही. उतारवयात मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी सबंध पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणले. त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा १८८१ साली जन्मली ती १९२१ च्या जुलैत प्रभूकडे गेली. तरीही आईने लेखणी खाली ठेवली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई स्वतः निजधामास गेल्या, आणि तो ग्रंथ संपूर्ण बाहेर पडला १९२४ साली.

एक सावधगिरीचा शब्द

येथे मला माझ्या एका अपराधाची कबुली दिली पाहिजे. काही वर्षांमागे आमच्या मंडळीतील एका तरुणाची कारखान्यात प्रेसखाली चार बोटे गेली. त्याचा बाप खेड्यात उपदेशक आहे. तो रातोरात आला. दवाखान्याच्या पायरीवर मी त्याच्याजवळ बसलो, आणि काही तरी बोलावे म्हणून बोललो की देवाच्या सर्व गोष्टी आपापल्या वेळी होतात. तो म्हातारा माझ्याकडे पाहून म्हणाला, "पाळकसाहेब, मग ह्याची बोटे परत यायची वेळ कोणती?" मजजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

बंधुजनहो, देवाच्या वेळेचे नाव घेऊन दुसऱ्याच्या दुःखापासून आपली सुटका करून घेणे, हे प्रभूचे शिक्षण नव्हे. लाजर आजारी आहे हे कळल्यावरही प्रभू दोन दिवस थांबला हे खरे. परंतु तो आला तेव्हा मार्था रागाने बोलली ते त्याने ऐकून घेतले, मरियेला रडताना पाहून तो स्वतः रडला, आणि जेथे त्याला दगडमार होण्याचे भय होते त्याच मुलखात पाऊल टाकून आला. लाजराला उठविल्यानेच त्याच्या मरणाचा कट पक्का झाला (११:५३). जो उशिरा आला तो आपल्या प्राणाचे मोल देऊन आला. ज्याने मोल दिले त्यालाच 'थांब' म्हणण्याचा अधिकार आहे. मी त्या पायरीवर काहीच दिले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी विमा-कार्यालयाच्या खेपा घातल्या. कागद लिहिले, सह्या मिळविल्या, आणि कित्येक सकाळी रांगेत उभा राहिलो. बोटे आली नाहीत. पण तो म्हातारा निघताना म्हणाला, "आता तुम्ही प्रार्थना करा, मी आमेन म्हणेन." तेव्हा मला कळले की मी त्याला देवाची वेळ समजावून देत होतो, पण देवाची वेळ माझ्या पुढ्यात येऊन उभी होती. ती माझी देण्याची वेळ होती.

गुरुवारची उपासना

आणखी एक गोष्ट सांगून पुरे करतो. आमच्या औद्योगिक भागात पुष्कळ कारखान्यांस साप्ताहिक सुटी रविवारी नसते, गुरुवारी असते. गावाहून आलेली मुले रविवारी देवळात दिसत नसत, तेव्हा मी उपदेशपीठावरून त्यांना थंड म्हटले, जगाच्या मागे लागलेले म्हटले. एके दिवशी एका मुलाने नम्रपणे विचारले, "साहेब, रविवारी खाडा केला तर काम जाते. गुरुवारी तुम्ही असता का?" गुरुवार माझ्या विश्रांतीचा दिवस होता. मी घरी येऊन दोन आठवडे त्या प्रश्नाशी झगडलो. मग एका कामगाराच्या दहा बाय दहाच्या खोलीत गुरुवारी सायंकाळी उपासना सुरू केली. पहिल्या दिवशी तिघे आले. आज खोलीत जागा पुरत नाही, आणि रात्रपाळीस जाणारे डबा घेऊनच बसतात.

हे मी फुशारकीने सांगत नाही, कारण त्यात माझा शोध काहीच नव्हता. मी आपल्या वेळेची वाट पाहत होतो की ही मुले केव्हा तरी माझ्या घंटेला येतील. प्रभू मात्र माझी वाट पाहत होता.

म्हणून, खेड्यांतील माझ्या उपदेशक बंधूंनो, तुमच्या पत्राचे हे उत्तर आहे. मळणी केव्हा, हे मला ठाऊक नाही, आणि हॉल साहेबांसही ते कळले नव्हते. दार बंद असेल तर भाषा शिका, म्हणजे लोकांचे दुःख, त्यांची शेती, त्यांचे कर्ज शिका. हाती चार झाडे असतील तर ती लावून ठेवा, ती कोणाला सावली देतील हे देवाला ठाऊक आहे. आणि जेव्हा कोणी दारी येऊन तुमचा वेळ, तुमची झोप, तुमचा गुरुवार मागेल, तेव्हा आपली वेळ अजून आली नाही असे म्हणण्यापूर्वी एकदा घंगाळाकडे पाहा. कदाचित ती वाटी भरून बुडण्याच्याच बेतात असेल.

हे प्रभो, तू आपली वेळ ओळखलीस व आम्हासाठी ती टाळली नाहीस. आम्हांस आपली वेळ ओळखण्याची दृष्टी दे, ती येईपर्यंत धीर दे, आणि ती आल्यावर हात आखडता न घेण्याची कृपा दे. आमेन.